लिदाचं वाळवण

मुंग्या स्वयंपाकघरातून येत नव्हत्या, हे सर्वांत आधी माईंच्या लक्षात आलं.

“भाऊकाका, जरा पाय वर घ्या,” त्या म्हणाल्या.

मी पाय वर घेतले. रांग माझ्या खुर्चीखालून भिंतीच्या कडेनं गेली, टीव्हीच्या टेबलाला वळसा घालून कोपऱ्यातल्या हार्मोनियमपाशी पोचली आणि खोक्याच्या फटीतून आत शिरली. माईंनी झाकण उचललं. आत स्वरांच्या पट्ट्यांवर एक नॅपकिन घडी करून ठेवला होता आणि त्यात पोळ्या होत्या. चौघडी घातलेल्या, एकीवर एक नीट रचलेल्या. माईंनी मोजल्या. अकरा.

“पेटी वाजवायची असते,” माई कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाल्या. “पोळीचा डबा ओट्यावर आहे.”

हृषीकेश हातातला पेपर घेऊन बघायला आला. केतकी आली, तिनं पोळ्या पाहिल्या आणि तिथेच फरशीवर बसली.

“हे त्या पालकत्वाच्या पुस्तकात आहे,” ती म्हणाली. “नवव्या प्रकरणात. मूल अन्न लपवतं, कारण उद्या मिळेल याची त्याला खात्री नसते. म्हणजे तिला हे घर वाटतच नाहीये.”

आणि ती रडायला लागली. खोलीच्या दारात लिदा उभी होती. बाहेर दहा अंश तापमान होतं. माई स्वेटर आणि कानटोपीत होत्या, लिदा बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये. ती आळीपाळीनं पोळ्यांकडे आणि केतकीकडे बघत होती.

ही रविवार, १२ फेब्रुवारी २०१२ची सकाळ. ठिकाण नाशिक, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. लिदाला या घरी येऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते, मला नऊ.

लिदा हृषीकेशच्या चुलतभावाची मुलगी. विनायक ओगले डॉक्टर व्हायला कझाकस्तानातल्या करागांदा शहरात गेला, तिथेच राहिला आणि तिथेच लग्न केलं. लिदा तीन वर्षांची असताना तिची आई गेली, सहा वर्षांची असताना बाप. काही महिने ती आईच्या आजीकडे होती. त्या म्हातारीच्यानं होईना तेव्हा बालगृहात. हृषीकेश आणि केतकीला मूल नव्हतं. वर्षभर कागद जमवून त्यांनी तिला दत्तक घेतलं. कागदांवर तिचं नाव होतं लिदिया विनायकोव्ना ओगले. वय साडेसात, रशियन उत्तम, मराठी शून्य.

मला साताऱ्याहून बोलावलं ते या रशियनसाठी. मी केतकीचा सख्खा काका. एकतीस वर्षं मी विमानांच्या कारखान्यात देखभालीच्या पुस्तिकांचं रशियनमधून भाषांतर केलं. घरात रशियन जाणणारा माणूस आहे, म्हणजे प्रश्न मिटला, असं हृषीकेशला वाटलं. मला रशियन येत होतं यात शंका नाही. पण मला येणाऱ्या रशियनमध्ये कोणी रुसत नव्हतं, कोणाच्या पोटात दुखत नव्हतं आणि कोणी कोणाला जवळ घेत नव्हतं. त्यात फक्त नट आवळले आणि सैल केले जात.

पहिल्या दिवशी जेवणाआधी तिला हात धुवायला सांगायचं होतं. बराच विचार करून मी म्हणालो, “लक्ष द्या! जोडणीपूर्वी दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडे असल्याची खात्री करावी.”

लिदानं माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जाऊन हात धुतले, पुसले आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर तपासायला धरले. तेव्हापासून तिनं माझं नाव ‘सूचना आजोबा’ ठेवलं.

“तिला विचारा ना काका, का लपवल्या ते,” केतकी फरशीवरूनच म्हणाली.

मी विचारलं, “सुटे भाग या जागी साठवण्याचा उद्देश सांगावा.”

लिदा केतकीकडे बघत म्हणाली, “सांगायचं नसतं.”

मी भाषांतर केलं.

“माझ्याकडे बघून म्हणाली!” केतकी म्हणाली. “बघितलंत?”

तिच्या रडण्याला एक तारीख होती. एक मार्चला बालकल्याणच्या कार्यालयातून तारळेकर बाई घरी पाहणीला येणार होत्या. मूल कुटुंबात रुळलं आहे की नाही, याचा अहवाल त्या पाठवणार होत्या. अहवाल चांगला गेला तर प्रश्नच नव्हता. वाईट गेला तर काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि केतकी रोज त्याचं एक नवं उत्तर शोधून काढत होती.

तयारी सहा फेब्रुवारीपासूनच सुरू झाली होती. पडदे धुतले. गॅलरीतल्या कुंड्यांना गेरू लावला. संध्याकाळी हृषीकेश चष्मा नाकावर उतरवून तारळेकर बाई होई आणि केतकीची उलटतपासणी घेई. लिदा स्टुलावर बसून हे सगळं पाही.

“मुलीला राग येतो तेव्हा आपण काय करता?”

“मी तिला वेळ देते.”

“म्हणजे नक्की काय करता?”

“म्हणजे... आतल्या खोलीत जाऊन रडते.”

“कोण? मुलगी?”

“नाही रे, मी!”

“असं सांगणार आहेस त्यांना?”

“मग तूच सांग काय सांगायचं ते!” आणि ती आतल्या खोलीत जाई.

आठ तारखेला, बुधवारी, लिदानं मला विचारलं होतं की कोण येणार आहे आणि सगळे एवढे घाबरले का आहेत. मी तिला नीट आणि पूर्ण उत्तर दिलं. अर्धवट माहिती देणं हा माझा स्वभाव नव्हे.

मुंग्यांच्या रविवारनंतर घरात तीन धोरणं एकदम लागू झाली.

केतकीनं पुस्तकाप्रमाणे लिदाच्या उशाशी फळांची आणि बिस्किटांची टोपली ठेवली. मूल घाबरलेलं असेल तर त्याला अन्न सतत दिसत राहिलं पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. लिदानं टोपलीतलं एक केळं खाल्लं, एक माईंना दिलं आणि पोळ्या लपवणं चालू ठेवलं.

हृषीकेशनं पोळ्या मोजायला सुरुवात केली. केल्या किती, खाल्ल्या किती, उरल्या किती. रोज तीनचा फरक येई.

माईंनी काहीच ठरवलं नाही. त्या हृषीकेशच्या आई, वय त्र्याहत्तर. त्या फक्त रोज सकाळी पोळ्या शोधून काढत आणि त्यांचा कुस्करा करत. मोहरी, हिंग, कांदा, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचं कूट. शिळी पोळी टाकायची नसते, ती कुठे सापडली याला महत्त्व नसतं. पहिल्या दिवशी लिदानं तो आवडीनं खाल्ला. दुसऱ्या घासानंतर तिनं ताटातला एक तुकडा उचलून उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि माईंकडे मान वळवली. आपलाच साठा आपण खातो आहोत हे तिच्या लक्षात आलं होतं.

“बघतेस काय, भवाने?” माई म्हणाल्या. “पेटीतून काढलाय. सुरात आहे.”

त्यानंतर त्या दोघींचं युद्ध सुरू झालं. लिदा वॉशिंग मशीनमध्ये लपवी, माई काढत. लिदा छत्रीत लपवी, माई उघडत. सतरा तारखेला हृषीकेश कामावर निघाला, हेल्मेट घातलं आणि दारातच थांबला.

“माई, माझ्या डोक्यावर पोळी आहे.”

“हलू नकोस,” माई आतून म्हणाल्या. “चुरा होईल.”

त्या लिदाशी दिवसभर मराठीत बोलत. तिला कळतं की नाही याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. भाजी निवडताना शेजारणींची उणीदुणी, केस विंचरताना स्वतःच्या सासूची, आणि रात्रीच्या जेवणानंतर दुधाचा पेला पुढे सरकवताना रोज तीच आज्ञा: “अर्धं नाही. सगळं.” लिदा दूध संपवी. उत्तर देत नसे. मराठीचा एक शब्दही तिनं तोवर उच्चारला नव्हता, आणि ही गोष्ट केतकीच्या काळजीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होती.

रविवारी, सव्वीस तारखेला, माईंनी गच्चीवर वाळवण घातलं. बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पळीपापड्या. प्लॅस्टिकच्या कागदाची टोकं लिदानं विटा ठेवून दाबली आणि काठी घेऊन कावळ्यांवर बसली. तासाभरानं माईंनी मला वर हाक मारली.

“हे बघा.”

पापड्यांच्या शेवटच्या ओळीपुढे आणखी एक ओळ होती. पोळ्यांच्या पट्ट्या. चार बोटं लांब, एक बोट रुंद, सगळ्या सारख्या, वर मीठ भुरभुरलेलं. लिदा काठी टेकून उभी होती. आपण काही चोरून केलंय असा भाव तिच्या चेहऱ्यावर नव्हता. गच्चीवर सगळेच वाळवतात, मग मीही वाळवते, एवढंच.

“ही लपवत नाहीये भाऊकाका,” माई म्हणाल्या. “ही वाळवण घालतेय.”

“फरक काय?”

“भुकेला माणूस मीठ लावत बसतो का? सारख्या पट्ट्या कापत बसतो का? हे स्वतःसाठी नाही. कोणाच्या तरी बरोबर द्यायचंय हिला. मी हृषीच्या मामाला आसामात चकल्या धाडायचे ना, त्या अशाच एकसारख्या पाडायचे. विचारा, कोणासाठी आहे.”

मी विचारलं, “या मालाचा निर्धारित प्राप्तकर्ता कोण?”

लिदानं काठीनं एक कावळा हाकलला. मग म्हणाली, “आधी सांगितलं तर बरोबर नेऊ देत नाहीत.”

“कोण नेऊ देत नाही?” माईंनी विचारलं. लिदानं एक पट्टी उलटी करून ठेवली.

माईंनी पदराला हात पुसले. “बरं. उद्यापासून कुस्करा बंद. आणि हे केतकीला आत्ता सांगू नका. ती दहावं प्रकरण उघडेल.”

त्याच संध्याकाळी त्यांनी लिदाला बिस्किटांचा पत्र्याचा रिकामा डबा दिला, घट्ट झाकणाचा. लिदानं तो छातीशी धरला. युद्ध संपलं. मुंग्याही गेल्या. केतकीला वाटलं टोपलीचा गुण आला, आणि हृषीकेशला वाटलं मोजण्याचा.

एक मार्चला, गुरुवारी, अकराला पाच कमी असताना बेल वाजली. तारळेकर बाई पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी, हातात फायलींचा गठ्ठा. पाणी प्यायल्या, पंख्याखाली बसल्या, छापील फॉर्म काढला.

“मुलगी कुठे आहे?”

“आत आहे, येईलच,” केतकी म्हणाली. “तशी ती छान रुळलीय. म्हणजे राग आला तर मी तिला वेळ देते.”

“मी अजून काही विचारलं नाहीये,” तारळेकर बाई म्हणाल्या.

तेवढ्यात आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. लिदा आली. अंगात गुडघ्यापर्यंतचा लोकरीचा कोट, डोक्यावर कान झाकणारी केसाळ टोपी, पायात बूट. नाशिकला तेव्हा तेहतीस अंश तापमान होतं. ती केतकीची प्रवासाची बॅग ओढत होती. बॅगेवर पत्र्याचा डबा दोरीनं बांधला होता. बॅग तिनं केतकीच्या पायाशी ठेवली, हातातला स्वेटर केतकीच्या खांद्यांवर घातला आणि वरचं बटण लावलं. मग ती तारळेकर बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

“कुठे निघालात का तुम्ही?” तारळेकर बाईंनी विचारलं.

लिदा बोलायला लागली. रशियनमध्ये, सावकाश, पाठ केल्यासारखं. संपल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं.

“काय म्हणते ही?”

मी उभा राहिलो. भाषांतर मी नेहमी उभं राहून करत असे.

“ती म्हणते, आई चांगली आहे.” केतकीला ती तोवर केतकी म्हणत असे. त्या दिवशी तिनं आई हा शब्द वापरला होता, म्हणून मीही तोच ठेवला. “आई भाजी जाळते आणि वेणी घालताना केस ओढते, पण रोज शिकते आहे. ती दुरुस्त होईल. तिला नेऊ नका.”

केतकीनं स्वेटरचं टोक तोंडाशी धरलं.

“पुढे?” तारळेकर बाई म्हणाल्या.

“पुढे असं की, कोणाला न्यायचंच असेल तर...” मी घसा साफ केला. “तर सूचना आजोबांना न्यावं. ते जुने आहेत आणि त्यांचा इथे फारसा उपयोग नाही.”

“सूचना आजोबा कोण?”

“मी.”

हृषीकेशनं खिडकीबाहेर पाहिलं. त्याचे खांदे हलत होते.

“आणि तरीही आईलाच नेणार असाल तर तीही बरोबर येणार. कोट घातलेलाच आहे. रोज दोन-दोन पट्ट्या खाल्ल्या तर डब्यातल्या पोळ्या दोघींना वीस दिवस पुरतील.”

“पण पोळ्या कशाला?”

मी लिदाला विचारलं. तिनं सांगितलं. तेही मी शब्दशः सांगितलं. “हिच्या पणजीच्या आईला असंच घरातून नेलं होतं. कागद घेऊन माणूस आला होता आणि घरातले सगळे असेच घाबरलेले होते. पण वाळवलेल्या पावाची पिशवी दाराशी तयार होती, म्हणून ती जगली आणि परत आली. पणजी हिला सांगायची, नेणारे थांबत नाहीत. आपल्या हातात एवढंच असतं, पाव आधी वाळवून ठेवायचा.”

तारळेकर बाईंनी पेन खाली ठेवलं.

“अहो, पण मी कोणाला नेतेय? मी कोणाला न्यायला आलेय, असं हिच्या डोक्यात घातलं कोणी?”

लिदाच्या बोलण्यात याचं उत्तर होतं. अगदी सुरुवातीला, पहिल्याच वाक्यात. एकतीस वर्षांत मी भाषांतरात एक शब्द गाळला नव्हता. ते एक वाक्य मी गाळलं होतं.

“लहान आहे,” मी म्हणालो. “काहीतरी गैरसमज झाला असेल.”

लिदानं माझा सदरा ओढला. मी खाली पाहिलं. टोपीखाली तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“आजोबा,” ती म्हणाली. “अर्धं नाही. सगळं.”

हे मराठीत होतं. हेल माईंचा होता. पेला पुढे सरकवतानाचा हातही माईंचाच होता.

केतकी उठून उभी राहिली, स्वेटरसकट. हृषीकेश खिडकीतून वळला. माई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

“सांगा,” माई म्हणाल्या. “पोरगी म्हणतेय ना, सगळं.”

मी सांगितलं. आठ फेब्रुवारीला लिदानं मला विचारलं होतं, कोण येणार आहे? पाहणी, अहवाल, काळजी करू नकोस, असं मला म्हणायचं होतं. यासाठी लागणारे शब्द माझ्याकडे नव्हते. जे होते ते मी वापरले. पुस्तिकांच्या चौदाव्या खंडात, तिसऱ्या प्रकरणात तयार वाक्यं होती आणि ती मला पाठ होती: ‘तपासणी समिती येईल. समिती संपूर्ण संचाची पाहणी करेल. निकामी आढळलेला भाग काढून नेण्यात येईल.’ कोणता भाग, असं लिदानं विचारलं होतं. तेही मी खंडाप्रमाणेच सांगितलं होतं: ‘ते तपासणीनंतरच निश्चित होईल.’

“काका!” हृषीकेश म्हणाला.

“आणि हिनं पाहिलं, घरात सगळ्यांत जास्त कोण रडतं,” माई म्हणाल्या. “भाग हिनंच निश्चित केला.” त्यांनी ट्रे खाली ठेवला. “म्हणजे पंधरा दिवस मी झाडत होते त्या मुंग्या तुमच्या होत्या तर, भाऊकाका.”

केतकी हसत होती आणि रडतही होती. दोन्हींपैकी कुठलंच थांबवायचा तिनं प्रयत्न केला नाही. तिनं लिदाला कोटासकट उचलून घेतलं. साडेसात वर्षांचं मूल आणि जाड लोकर, हे काही हलकं ओझं नव्हतं. लिदानं तिच्या खांद्यावरून तारळेकर बाईंकडे पाहिलं. अजून उत्तर मिळालेलं नव्हतं.

“तिला सांगा,” तारळेकर बाई म्हणाल्या, “मी कोणालाही नेणार नाही. आणि कृपा करून साध्या शब्दांत सांगा.”

मी साधे शब्द शोधले. तीन सापडले. “कोणी जाणार नाही,” मी रशियनमध्ये म्हणालो. पुस्तिकांमध्ये हे वाक्य कुठेही नव्हतं.

लिदानं टोपी काढली. केस घामानं कपाळाला चिकटले होते.

तारळेकर बाईंनी चहाबरोबर डब्यातली एक पट्टी खाल्ली. मग दुसरी. “थोडी चटणी हवी होती,” त्या म्हणाल्या, आणि माईंनी ते मान्य केलं. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. ‘मूल कुटुंबात रुळले आहे काय?’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘होय’ लिहिलं, खाली रेघ मारली आणि पेन बंद केलं.

“मुलीचं मी लिहिलं,” दारात चपला घालताना त्या केतकीला म्हणाल्या. “काकांचं काय ते तुम्ही बघा.”

मी रविवारी निघालो. माझी गरज संपली होती, आणि ती नक्की कधी सुरू झाली होती याबद्दल घरात दोन मतं होती. लिदा पत्र्याचा डबा घेऊन माझ्या बॅगेपाशी बसली. सातारा किती लांब आहे, असं तिनं माईंना हातवारे करून विचारलं. माईंनी घड्याळावर बोट फिरवून दाखवलं. सकाळी निघालं की संध्याकाळपर्यंत.

लिदानं सहा पट्ट्या मोजून कागदात बांधल्या. बाकीच्या माईंच्या हातात दिल्या. “कुस्करा,” ती म्हणाली. मग डोकं खाजवलं, माईंच्या हातून आणखी सहा परत घेतल्या आणि त्यांची वेगळी पुडी केली.

“या कशाला?” मी विचारलं. या वेळी मीही मराठीत विचारलं.

तिनं पहिल्या पुडीवर बोट ठेवलं. “जायला.” मग दुसरीवर. “यायला.”

पहिली पुडी मी पुण्याच्या अलीकडे संपवली. दुसरी साताऱ्यात कपाटात ठेवली. मुंग्या लागू नयेत म्हणून ताटलीत पाणी घालून मधोमध, उपड्या वाटीवर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती घेऊन नाशिकच्या गाडीत बसलो.